सापसुरळीच्या बोटांवर कात पुन्हा पुन्हा अडकते, तेव्हा काय तपासावे

लाल डोळ्यांची क्रोकोडाइल स्किंक ही न्यू गिनीच्या दमट जंगलांतील पाचोळ्याखाली वावरणारी, जेमतेम वीतभर लांबीची, पाठीवर काट्यांच्या रांगा असलेली सापसुरळी आहे. ती पाळणाऱ्यांकडून माझ्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. कात टाकून झाली, अंग मोकळे झाले, पण बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला जुनी कातडी तशीच राहिली. ती काढली, बरे वाटले आणि पुढच्या कातीच्या वेळी पुन्हा तेच. स्वतःच्या आणि इतरांच्या प्राण्यांवर ही दुरुस्ती इतक्यांदा केल्यावर मी आता पाय पाहण्याआधी टेरॅरियमच्या, म्हणजे प्राणी ठेवलेल्या काचेच्या पेटीच्या, मातीत बोट घालतो, कारण दोष पायात क्वचित असतो आणि जिथे प्राणी दिवसभर बसून राहतो त्या जागेच्या ओलाव्यात जवळजवळ नेहमी असतो. खालील क्रम दमट हवामानातील इतर लहान सापसुरळ्यांनाही लागू पडतो. वाळवंटी जातींना मात्र तो लावू नये.

लक्षणे

सर्वांत आधी दिसते ते बोटाच्या सांध्यालगत किंवा नखाच्या मुळाशी राहिलेले करड्या-पांढुरक्या कातडीचे कडे. बाकीच्या अंगावरची कात निघून दोन-तीन दिवस झाले तरी ते तिथेच असते आणि दिवसागणिक अधिक कोरडे, अधिक घट्ट होत जाते. शेपटीच्या टोकाला, डोक्यामागच्या टोकदार खवल्यांच्या बेचक्यात आणि पापण्यांच्या कडेला असेच अवशेष राहू शकतात. काही वेळा संपूर्ण अंगाचा रंग आठवडाभर निस्तेज राहतो, म्हणजे कात सुटायला लागली आहे पण पुढे सरकत नाही. सरड्यांच्या आणि सापसुरळ्यांच्या बहुतेक जाती सापाप्रमाणे अखंड कात टाकत नाहीत, त्यामुळे तुकडे दिसणे हा दोष नव्हे. मात्र ते तुकडे मऊ आणि मोठे असण्याऐवजी बोटांत चुरगळणारे बारीक पापुद्रे असतील, तर ओलावा कमी पडला असे समजावे.

उशिरा दिसणारी लक्षणे वेगळी आणि गंभीर असतात. कड्याच्या पुढचा बोटाचा भाग सुजतो, त्याचा रंग जांभळट किंवा काळा पडतो, प्राणी तो पाय टेकणे टाळतो. ही लक्षणे दिसत असतील तर पुढची तपासणी नंतर करावी आणि थेट पशुवैद्याकडे जावे.

असे का होते

कात टाकण्याच्या आधी जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये द्रव साठतो आणि त्यातील विकरे दोन्ही थरांना एकमेकांपासून सोडवतात. प्राण्याच्या शरीरात पाणी कमी असेल तर हा द्रव पुरेसा तयार होत नाही. भोवतालची हवा कोरडी असेल तर सुटू लागलेला थर सुटण्याआधीच वाळतो. पाठीवर किंवा पोटावर याचा फारसा त्रास होत नाही, कारण मोठा पृष्ठभाग खरवडून निघतो. बोट मात्र बारीक आणि गोल असते. तिथे वाळलेली कात आकसते आणि बोटावर घट्ट गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी रक्तपुरवठा आवळते. एकाच कातीतले कडे सहसा बोट घेत नाही. दोन-तीन कातींचे थर एकावर एक बसले की बोट जाते. म्हणूनच ‘पुढच्या वेळी निघेल’ म्हणून सोडून देणे हा या आजारातला सर्वांत महाग पडणारा निर्णय आहे.

पहिली तपासणी: ती खरोखर कातच आहे का

यासाठी एक भिंग आणि चांगला उजेड पुरतो. प्रौढ नराच्या मागच्या पायांच्या मधल्या बोटांखाली फिकट, किंचित उंच गाद्यांसारखी छिद्रे असतात. ती शरीराचाच भाग आहेत, पण वरवर पाहणाऱ्याला ती अडकलेल्या कातीसारखी दिसतात आणि त्यांना चिमट्याने ओढल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. फरक ओळखणे अवघड नाही. गादी बोटाच्या फक्त खालच्या बाजूला असते, दोन्ही मागच्या पायांवर सारखी असते आणि तिला सुटी कड नसते. अडकलेली कात बोटाला सगळीकडून वेढते, एका पायावर असते तर दुसऱ्यावर नसते, आणि भिंगातून तिची किंचित उचललेली, दातेरी कड स्पष्ट दिसते. वाळलेल्या मातीचे खडेही असेच फसवतात. ओल्या कापसाच्या बोळ्याने क्षणभर दाबले की माती विरघळते आणि कात फक्त अर्धपारदर्शक होते.

हे निरीक्षण शक्यतो प्राणी काचेजवळ असताना बाहेरूनच करावे. ही जात हाताळणी सहन करणाऱ्यांपैकी नाही. पकडल्यावर ती ताठ होऊन निश्चल पडते, काही वेळा आवाज काढते, आणि ती ‘शांत झाली’ असे पाळणाऱ्याला वाटते. वास्तविक ते भीतीचे लक्षण असते. घाबरलेल्या सापसुरळीची शेपूट तुटण्याचाही धोका असतो.

दुसरी तपासणी: आर्द्रतामापक खरे सांगतो का

‘माझ्याकडे आर्द्रता ८० टक्के आहे’ हे वाक्य मी पुष्कळ ऐकले आहे आणि त्यावर विश्वास ठेवणे सोडून दिले आहे. काटा असलेले स्वस्त तबकडीचे मापक वर्ष-दोन वर्षांत १५–२० टक्क्यांनी सहज चुकतात, आणि अंकी मापकही तपासल्याशिवाय ग्राह्य धरू नयेत. तपासण्याची रीत फुकटची आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घ्यावे, त्यात थेंबाथेंबाने पाणी घालून ते ओलसर करावे, पण मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. हे झाकण आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून डबा रात्रभर खोलीच्या तापमानाला राहू द्यावा. संपृक्त मिठाच्या वर बंद जागेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापकाने ६८ दाखवले तर तो ७ ने कमी दाखवतो, ८३ दाखवले तर ८ ने जास्त; तेवढी दुरुस्ती मनाशी धरून तोच मापक पुढे वापरता येतो.

यानंतरचा प्रश्न मापक कुठे आहे हा. काचेच्या वरच्या भागात चिकटवलेला मापक तिथल्या हवेबद्दल सांगतो, आणि तिथे आपला प्राणी कधीच जात नाही. ही सापसुरळी दिवसातला बराच वेळ सालीखाली, पाचोळ्यात किंवा मातीत शिरून बसते. मापकाचा प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाचा मोजणारा भाग, त्या लपण्याच्या जागेत, जमिनीलगत ठेवावा आणि फवारणी झाल्यावर लगेच नव्हे, तर पुढच्या फवारणीच्या अगदी आधी, म्हणजे जागा सर्वांत कोरडी असताना आकडा पाहावा. लपण्याच्या जागेत त्या वेळीही ८०च्या आसपास आणि मोकळ्या भागात ६५–७०च्या वर आर्द्रता असेल तर हा मुद्दा निकालात निघाला. बहुतेकांच्या बाबतीत दोष इथेच सापडतो.

तिसरी तपासणी: माती

माझ्या मते ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तीच सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाते. रोज सकाळ-संध्याकाळ फवारणी करूनही कात अडकते, कारण फवाऱ्याचे पाणी पाचोळ्यावर आणि काचेवर बसते, तासाभरात उडून जाते आणि मातीत अर्धा इंचही उतरत नाही. काचेवर थेंब चमकतात, मापक थोडा वेळ ९५ दाखवतो आणि खाली सापसुरळी कोरड्या भुशात बसलेली असते.

टेरॅरियमच्या चार-पाच ठिकाणी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. खालची माती गार आणि ओलसर लागली पाहिजे. मग मूठभर माती उचलून घट्ट दाबावी. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि जोर लावून दाबल्यावर बोटांच्या फटीत फार तर एखाद-दुसरा थेंब आला, तर ओलावा बरोबर आहे. गोळा लगेच ढासळला तर माती कोरडी आहे. न दाबताच पाणी गळले तर ती दलदल झाली आहे, आणि तेही चालत नाही. मातीत आयसोपॉड, म्हणजे कुजका पाचोळा खाणारे बारीक कवचधारी जीव, सोडलेले असतील तर त्यांच्याकडेही पाहावे. ते सगळीकडे विखुरलेले असण्याऐवजी पाण्याच्या भांड्याखाली एकाच जागी दाटीवाटीने जमले असतील, तर बाकीची माती त्यांना तिथे राहता येणार नाही इतकी सुकली आहे.

कोरडी माती दुरुस्त करताना वरून फवारत बसू नये. चारही कोपऱ्यांत काचेलगत थोडे थोडे पाणी ओतावे, म्हणजे ते तळाशी जाऊन खालून वर झिरपते आणि वरचा थर चिखल न होता ओलसर राहतो. मातीचा थर निदान ८ ते १० सेंटिमीटर जाड असावा, कारण दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात पाणी टिकतच नाही. नुसते कोकोपीट वरून पटकन वाळते आणि त्याची धूळ होते. खत आणि कीटकनाशक नसलेली माती त्यात मिसळली, वर पाचोळ्याचा जाड थर दिला आणि एका कोपऱ्यात स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) ओला पट्टा ठेवला, की ओतलेले पाणी कितीतरी जास्त काळ टिकते. तळाला खडी किंवा मातीच्या भाजलेल्या गोळ्यांचा निचरा थर असेल तर जादा पाणी तिथे उतरते आणि वरची माती आंबत नाही.

मादी पाळणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच द्यायला हवी. या जातीची मादी एका वेळी एकच अंडे घालते आणि बरेचदा त्याच्याजवळच राहते. माती उकरण्याआधी साली हलक्या हाताने उचलून अंडे नाही ना हे पाहावे. असले तर ते उलटे न करता तसेच ठेवावे आणि त्या भागाची दुरुस्ती पुढे ढकलावी.

चौथी तपासणी: झाकण आणि उष्णता

जाळीचे झाकण पूर्ण उघडे असेल तर कितीही पाणी ओतले तरी ओलावा वरून निघून जातो. जाळीचा अर्ध्यापासून दोन-तृतीयांशपर्यंतचा भाग काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या पट्टीने झाकावा. पूर्ण झाकू नये, कारण कोंडलेल्या दमट हवेत बुरशी वाढते आणि पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो. रोज दिवसातून काही काळ समोरची काच स्वच्छ आणि कोरडी होत असेल तर हवा खेळते आहे असे समजावे.

उष्णतेचा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण तो पाण्याशी जोडलेला आहे हे उघड दिसत नाही. हवेत बाष्प तेवढेच ठेवून तापमान वाढवले की सापेक्ष आर्द्रता घसरते. २४ अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रता असलेली हवा तशीच ३० अंशांपर्यंत तापवली तर तीच आर्द्रता सुमारे ५६ टक्के होते. एक थेंबही बाहेर गेलेला नसतो. त्यामुळे ‘प्राणी उष्ण कटिबंधातला आहे, त्याला ऊब हवी’ या समजुतीने लावलेला तापवणारा दिवा कातीचा प्रश्न स्वतःच निर्माण करतो. ही जात जंगलाच्या तळाशी, सावलीत राहते. तिला दिवसा २४ ते २७ अंश पुरतात, उबदार कोपरा २८ पर्यंत चालतो, रात्री २१–२२ पर्यंत उतरले तरी हरकत नाही, आणि ३० च्या वर ती सतत राहिली तर कात ही दुय्यम चिंता ठरते. तापमान प्रोबने जमिनीलगत मोजावे. हीट मॅट वापरत असल्यास ती तळाखाली न लावता बाजूच्या काचेला लावावी आणि थर्मोस्टॅटशिवाय चालवू नये. तळाखालची मॅट माती खालून भाजते, आणि गारव्यासाठी खाली शिरणारा प्राणी नेमका उष्णतेकडे जातो.

फॉगर आणण्याची घाई मात्र करू नये. तो धुके करतो, डोळ्यांना छान दिसतो, पण माती भिजवत नाही. वर सांगितलेले सगळे करूनही लपण्याच्या जागेतली आर्द्रता ७०च्या खाली राहत असेल तरच त्याचा विचार करावा.

पाचवी तपासणी: घासायला काही आहे का, भिजायला काही आहे का

कात निघण्यासाठी प्राण्याला खडबडीत पृष्ठभाग लागतो. कॉर्कची साल, खरबरीत लाकूड, सपाट दगड यांपैकी दोन-तीन गोष्टी लपण्याच्या जागेजवळ असाव्यात, अशा की अंग त्यांच्या फटीतून दाबून जावे लागेल. पाण्याचे भांडे प्राण्याला पूर्ण बसता येईल एवढे रुंद, पण उथळ असावे आणि पाणी रोज बदलावे. ही सापसुरळी पाण्यात बसून राहणे पसंत करते आणि पुष्कळदा कातीचे काम तिथेच उरकते.

सहावी तपासणी: आहार आणि माइट्स

वरचे सगळे ठीक असून दोन काती अडकल्या असतील तरच इथे यावे. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर त्वचेचा वरचा थर जाड आणि कोरडा होतो आणि कात नीट सुटत नाही. प्रत्येक वेळी एकाच जातीचे किडे, तेही उपाशी ठेवलेले, दिले जात असतील तर ही शक्यता धरावी. खाद्यकिड्यांना आदल्या दिवशी पोटभर हिरवा पाला आणि गाजर द्यावे, कॅल्शियमची पूड नियमित लावावी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची जीवनसत्त्वांची पूड वेष्टनावरच्या प्रमाणातच वापरावी. माणसांसाठीचे अ जीवनसत्त्वाचे थेंब किंवा गोळ्या कधीही देऊ नयेत. अतिरेकानेही त्वचा सोलवटते, आणि ती हानी भरून काढणे कमतरतेपेक्षा कठीण असते.

माइट्स, म्हणजे अंगावर राहून रक्त शोषणारे बारीक जीव, पाहण्यासाठी प्राण्याला काही मिनिटे पांढऱ्या ओलसर टिश्यूवर ठेवावे. काखेत, कानाच्या छिद्राजवळ, डोळ्यांच्या कडेला किंवा टिश्यूवर हलणारे काळे वा लालसर ठिपके दिसले, तर स्वतः औषध फवारू नये. कुत्र्या-मांजरांसाठीची गोचीडनाशके एवढ्या लहान सापसुरळीला मारू शकतात.

अडकलेली कात कशी सोडवावी

भोवताल सुधारला तरी आधीचे कडे आपोआप जाईलच असे नाही. ते पुढच्या कातीपर्यंत ठेवणे धोक्याचे आहे. झाकणाला हवेची छिद्रे असलेला एक लहान प्लास्टिकचा डबा घ्यावा. त्यात कोमट नव्हे, तर साधारण २६–२७ अंशांच्या पाण्यात भिजवून हलके पिळलेल्या टिश्यूचे अनेक थर पसरावेत, वर एक चुरगळलेला थर ठेवावा आणि प्राण्याला त्यात २० ते ३० मिनिटे राहू द्यावे. डब्यात साचलेले पाणी नसावे. डबा दिव्याखाली किंवा उन्हात ठेवू नये, आणि नजरेआड तर मुळीच करू नये. बरेचदा प्राणी त्या चुरगळलेल्या टिश्यूतून ये-जा करतानाच अर्धी कात काढून टाकतो.

उरलेल्या कड्यासाठी ओला इअरबड घेऊन बोटाच्या मुळापासून टोकाकडे हलकेच फिरवत न्यावा. घासायचे नाही, फिरवायचे. कात तयार असेल तर तिची कड पांढरी होऊन उचलते, कड्याला आडवी चीर पडते आणि ते नखावरून निसटते. तसे होत नसेल तर थांबावे. ओढल्यास जुन्या थराबरोबर खालचा नवा थरही निघतो, तिथे जखम होते, आणि जखमेवरची पुढची कात हमखास अडकते. कायमचा झालेला बहुतेक त्रास असाच सुरू झालेला असतो. चिमटा, नख आणि ब्लेड दूर ठेवावेत. तेल किंवा पेट्रोलियम जेलीही नको, कारण त्याने माती चिकटून बोटावर नवा थर बसतो. वेदनाशामक घटक असलेली माणसांची मलमे या प्राण्यांसाठी विषारी ठरू शकतात.

हा उपाय एक दिवसाआड करावा आणि तीनदा करूनही कडे हलले नाही तर चौथ्यांदा करू नये. दुरुस्ती लागू पडली की नाही हे मात्र पुढच्या पूर्ण कातीनंतरच कळते, आणि प्रौढ प्राण्यात त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर वहीत कातीची तारीख, लपण्याच्या जागेतला किमान आकडा आणि वजन लिहून ठेवावे. बाकी फेरबदल करत राहिल्याने नेमके कशाने गुण आला ते समजत नाही.

ओलावा वाढवताना दुसऱ्या टोकाला जाऊ नये हेही सांगायला हवे. आठवडाभरात पोटाचे खवले तपकिरी पडू लागले, त्यांखाली पाण्याचे फोड दिसले किंवा मातीला आंबूस वास आला, तर पाणी जास्त झाले आहे. वरचा थर वाळू द्यावा आणि निचरा पाहावा. फोड आलेले असतील तर तो घरगुती उपचाराचा विषय उरत नाही.

कुठे थांबून पशुवैद्याकडे जावे

बोट सुजले, काळे-जांभळे पडले, त्यातून पू, रक्त किंवा दुर्गंधी येऊ लागली, तर त्याच दिवशी जावे. काळे पडलेले बोट घरी वाचत नाही. पशुवैद्य कडे वेळेत काढू शकले तर रक्तपुरवठा परत येऊ शकतो, नाहीतर मेलेला भाग काढून संसर्ग वर चढण्यापासून थांबवता येतो. पापणीवर किंवा डोळ्यावर कात राहिली असेल तर इअरबडही लावू नये. वजन आधीच्या नोंदीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक घटले, डोळे खोल गेले, प्राणी तोंड उघडून श्वास घेऊ लागला, माइट्स सापडले, किंवा आर्द्रता, माती आणि तापमान मोजून बरोबर असतानाही सलग दुसरी कात अडकली, तर कारण शरीराच्या आत आहे असे धरावे. निसर्गातून पकडून आणलेल्या प्राण्यांत परजीवी सर्रास आढळतात आणि त्यांनी अशक्त झालेला प्राणी नीट कात टाकू शकत नाही. ते विष्ठेच्या तपासणीशिवाय कळत नाही.

सरपटणारे प्राणी पाहणाराच पशुवैद्य निवडावा आणि भेट ठरवतानाच जातीचे शास्त्रीय नाव, ट्रायबोलोनोटस ग्रॅसिलिस, सांगून ठेवावे. नुसते ‘सरडा’ म्हटल्यास वाळवंटी जातीचे तापमान आणि औषधाचे प्रमाण गृहीत धरले जाण्याची शक्यता असते. सोबत तापमान-आर्द्रतेच्या नोंदी, वजनाची वही, पायांचे तारखेनुसार काढलेले फोटो, डबीत बंद केलेली ताजी विष्ठा आणि निघालेल्या कातीचा तुकडा न्यावा. प्रवासासाठी ओलसर टिश्यू घातलेला, हवेची छिद्रे असलेला, अंधारा डबा पुरतो. परतल्यावर जखम भरेपर्यंत प्राण्याला मातीऐवजी ओलसर टिश्यूवर ठेवावे, टिश्यू दिवसातून दोनदा बदलावा, लपायला एक साल द्यावी, आणि पशुवैद्याने जखम बंद झाल्याचे सांगितल्यावरच त्याला मातीत परत सोडावे.